अर्धा किलो वजा

मित्रांनो, मी एक जुना तानकाटा आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो, तो नव्हे. माझ्या गोल तबकडीवर पंचवीस किलोपर्यंत आकडे आहेत, वर कडी, खाली हूक. त्या हुकाला कापडी चड्डी अडकवायची, चड्डीत बाळ बसवायचं आणि त्याचे हातपाय झाडून झाले की वजन वाचायचं. हेच माझं शिक्षण आणि हाच व्यवसाय.

जन्म इंग्लंडमधल्या कारखान्यातला, पण उमेदीची वर्षं गेली आफ्रिकेत, मलावीत. तिथे मी सुमनबाई आणि उल्हासराव शिरसाठ यांच्याबरोबर होतो. दोघं अहमदनगरचे. लग्न होताच मिशनच्या कामाला गेले, ते केस पिकेपर्यंत तिथेच राहिले. सुमनबाई दवाखान्यात नर्स. उल्हासराव प्रभूचं वचन सांगायचे आणि हातपंप दुरुस्त करायचे. लोक दोन्हीसाठी येत, पंपासाठी जरा जास्त.

मला झाडाच्या फांदीला टांगत. खाली आयांची रांग. आधी उल्हासरावांची प्रार्थना. ती लांबली की सुमनबाई डोळे मिटलेले ठेवूनच म्हणत, "अहो, आमेन म्हणा आता. बाळं उपाशी आहेत."

एखाद्या बाळाचं वजन मागच्या महिन्याइतकंच भरलं, की सुमनबाई रांग थांबवायच्या. त्या आईला बाजूला बसवून शेंगदाणे घातलेली लापशी करून दाखवायच्या. काही बाळं पुढच्या महिन्यात जड होऊन आली. काही आलीच नाहीत.

म्हातारपणी दोघं इंग्लंडात, साउथहॅम्प्टनला लेकीजवळ राहायला आले. मी कपाटात. तिथे मला शेजारच्या डॉक्टर निवेदितानं पाहिलं आणि माझं नशीब पालटलं. विमानात बॅगेला तेवीस किलोची मर्यादा, आणि घरोघरी माझ्यासारखा काटा नाही! पुण्याला निघालेलं प्रत्येक मराठी कुटुंब मला मागून नेऊ लागलं. ज्या हुकाला बाळं लटकली, त्याला आता चॉकलेटं आणि स्वेटर. माझं कौतुक मात्र फार झालं. मलावीत एवढं कधी झालं नव्हतं.

एकदा निवेदिताच्या नवऱ्यानं, गिरीशनं, मला एक अवाढव्य बॅग लावली. माझ्या पोटात काहीतरी कुरकुरलं.

"बघ, पंचवीसच!" गिरीश खूश.

"पुढे आकडेच नाहीत रे त्याला," निवेदिता म्हणाली.

मला पुसून, थँक्यू म्हणून परत केलं.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात मलावीहून फोन आला. जुन्या दवाखान्यात आता एस्नाट नावाची नर्स होती. लहानपणी ती स्वतः माझ्या चड्डीत बसून रडलेली. तिथला वजनकाटा मोडला होता. शिरसाठ पतीपत्नी भेटीला जाणारच होते. येताना जुना काटा आणाल का, असं तिनं विचारलं.

मित्रांनो, मला किती आनंद झाला! सुमनबाईंनी चड्डी धुतली, मला स्वयंपाकघराच्या दाराला टांगलं आणि खात्री करावी म्हणून एक किलोची साखरेची पिशवी लावली.

"अहो, हा दीड दाखवतोय."

"साखर जास्त भरली असेल."

"इंग्लंडात?"

त्यांनी पिशवी काढली. मी रिकामा, तरी माझा काटा अर्ध्या किलोवर उभा. उल्हासरावांनी स्क्रू पिळून पाहिला, पण सैल पडलेल्या स्प्रिंगला पंपाचं वॉशर चालत नाही.

"राहू दे. अर्धा वजा करायचा, एस्नाटला सांगू," ते म्हणाले.

"ती करेल हो. ती रजेवर असताना दुसरं कुणी वजन करेल, त्याचं काय? बॅगेत अर्धा किलो म्हणजे चकलीचा डबा. तान्ह्या बाळात अर्धा किलो म्हणजे ते वाळत चाललंय, हे कळणारच नाही. मी हा नेणार नाही."

उल्हासरावांनी वाद घातला नाही. प्रार्थनाही केली नाही.

गिरीशला कळलं तेव्हा तो नवा कोरा तानकाटा घेऊन आला. "काकू, ती बॅग माझी होती. सॉरी."

"मला नको म्हणूस," सुमनबाई म्हणाल्या. "त्याला म्हण."

मी अजून दारालाच टांगलेला; तो माझ्याकडे वळून खरंच सॉरी म्हणाला. डॉक्टरीणबाईंचा नवरा असा दाराशी बोलताना मी प्रथमच पाहिला.

निघायच्या दिवशी बॅग माझ्याच हुकाला लागली. आत औषधं, चर्चमधल्या बायकांनी विणलेल्या बाळटोप्या आणि माझ्या धुतलेल्या चड्डीत गुंडाळलेला तो नवा.

"साडेतेवीस!" गिरीश म्हणाला. "काकू, थोड्या टोप्या काढा."

सुमनबाईंनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं. "तेवीस आहे. याला मी ओळखते."

बॅग गेली. माझा काटा सवयीप्रमाणे अर्ध्यावर येऊन थांबला.

मित्रांनो, कुणाला किती पेलतं ते माझ्यासारख्याच्या तोंडावर लिहिलेलं असतं. टांगण्याआधी तेवढं वाचत जा. बाकीच्यांना मात्र विचारावं लागेल.