विम्यात न बसणारी बाई

शुक्रवारी सकाळी ग्लेनिस ऑर्मेरॉड चौदा नंबरच्या घरात उशांचे अभ्रे बदलत होती. तिच्या नवऱ्यानं, क्लाइव्हनं, हे घर फेब्रुवारीत मोकळं करून घेतलं होतं. आता ते शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना भाड्यानं दिलं जाई, आणि चादरी, टॉवेल व प्रत्येक उशीवर एकेक चॉकलेट हे खातं ग्लेनिसकडे होतं. या आठवड्यात पाहुणे नव्हते. गेल्या आठवड्यातही नव्हते. नोव्हेंबरात हॅदरशॉला कोण येतंय? हॅदरशॉचेच लोक जमलं तर बाहेर जातात. पण रिकामं घर उदास दिसलं की त्याची किंमत उतरते, असं क्लाइव्हचं मत होतं. म्हणून अभ्रे बदलायचे. हीटरही रात्रंदिवस मंद चालू असे, कारण थंडीत नळ गोठतात. नळांची क्लाइव्हला फार काळजी.

स्वयंपाकघराच्या दारामागे एक पितळी हुक होता. भिंतीला नवा राखाडी रंग दिला तेव्हा रंगाऱ्यानं तो काढायचा बराच प्रयत्न केला, पण निघाला नाही. ग्लेनिस त्याला आपला कोट अडकवी आणि तो हुक तिथं कुणी ठोकला याचा विचार करत नसे. विचार न करणं तिला चांगलं जमायचं. लग्नात अंगवळणी पडलेल्या गोष्टींपैकी ती एक होती.

हुक ब्रेन्डा पिकल्सनं ठोकला होता. शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाटाण्याची उसळ आणि मांसाची पेस्ट्री वाढून वाढून निवृत्त झालेली ही बाई एकोणीस वर्षं या घरात भाड्यानं राहत होती. भाडं कधी चुकलं नाही, तक्रार कधी नाही. मग ऑर्मेरॉड आणि कंपनीकडून घर सोडण्याची नोटीस आली. कारण दिलं नव्हतं. तेव्हाच्या कायद्यानं ते द्यावं लागत नसे. नगरपालिकेनं तिला तपासलं आणि सांगितलं की तातडीनं निवारा देण्याइतकी ती म्हातारी नाही आणि पुरेशी आजारीही नाही. आणखी थोडी बिघडली की यावं.

ग्लेनिस आणि ब्रेन्डा चर्चच्या गायकवृंदात शेजारी शेजारी उभ्या राहत. दोघींत भजनांचं एकच पुस्तक. पान ब्रेन्डा उलटायची. फेब्रुवारीनंतर ब्रेन्डा यायची बंद झाली. बहिणीकडे गेली असेल, असं ग्लेनिसनं ठरवून टाकलं. ब्रेन्डाला बहीण आहे का, हे तिला ठाऊक नव्हतं, पण असायला हरकत काय?

घरी आली तर बैठकीच्या खोलीत फ्रिजचं एक मोठं खोकं आडवं पडलं होतं आणि क्लाइव्हचे पाय तेवढे बाहेर दिसत होते.

“अगं, ती चंदेरी कापडाची गुंडाळी दे गं,” आतून आवाज आला. “छतापासून उरलेली.”

“खोक्याला कशाला?”

“ऊब राहते. गेल्या वर्षी पाठ धरली होती माझी, विसरलीस?”

संत ऑस्विनच्या चर्चच्या आवारात दर नोव्हेंबरात ‘एक रात्र आकाशाखाली’ हा उपक्रम होई. गावातली भली माणसं बेघरांसाठी निधी जमवायला एक रात्र उघड्यावर झोपत. बँकेचे लोक, दातांचे डॉक्टर, दोन वकील, आणि सर्वांत पुढे क्लाइव्ह, कारण कल्पना त्याची. खोक्यांच्या सजावटीला बक्षीसही असे. गेल्या साली बँकेनं बुरुज असलेला किल्ला केला होता. यंदा क्लाइव्हनं जिद्दीनं आपल्या खोक्याला दार केलं होतं, दाराला पत्रं टाकायची फट, आणि वर पितळी पाटी.

“नावाची पाटी बघ कशी चमकतेय,” तो बाहेर येत म्हणाला. “अनुभव घ्यायचा तर मनापासून घ्यावा. मी शाळांतून सांगतो ना पोरांना? एक रात्र काढल्याशिवाय बेघर असणं कळत नाही.”

“तुझी ही सहावी रात्र ना?”

“सहावी! उगाच नाही बोलत मी.”

संध्याकाळी फाटकाशी टेबल मांडून ग्लेनिस बसली. तिच्याकडे शॉर्टब्रेड बिस्किटांचा रिकामा डबा होता. उपक्रमाचा नियमच होता की आत येताना प्रत्येकानं घराची किल्ली, पाकीट आणि फोन त्या डब्यात टाकायचा, म्हणजे खऱ्या बेघरासारखं वाटतं. मग मनगटावर कागदी पट्टी. क्लाइव्हनं किल्ल्यांचा जुडगा टाकताना फोटोवाल्याकडे बघून हात थोडा वर धरला. डबा रात्रभर ग्लेनिस घरी नेई आणि सकाळी बेकनच्या सँडविचांबरोबर परत आणी.

मोठ्या दरवाजापुढच्या ओसरीत मात्र एक अडचण निघाली. ओसरी ही आवारातली एकुलती एक छप्पर असलेली जागा, आणि ती दातांच्या डॉक्टरांना कबूल केलेली. तिथं आधीच कुणीतरी अंथरूण घालून बसलं होतं. निळी ताडपत्री, दोन ब्लँकेट, आणि त्यांत बसून थर्मासच्या झाकणातून चहा पिणारी बाई. हातमोज्यांची बोटं कापलेली. खोकला असा की ऐकणाऱ्याची छाती दुखावी.

क्लाइव्ह पुढे गेला. मागे पाद्री टिमथी आणि त्यांच्यामागे, तिला हाक मारली म्हणून, ग्लेनिस.

“अरे, पिकल्सबाई!” क्लाइव्ह म्हणाला. भाडेकरू विसरणाऱ्यांतला तो नव्हता. “कशा आहात? एक छोटीशी विनंती होती. आजची रात्र जरा दुसरीकडे बघाल का? उद्या सकाळी जागा पुन्हा तुमचीच.”

“का बरं?”

“इथं कार्यक्रम आहे.”

“कसला?”

“बाहेर झोपण्याचा.”

ब्रेन्डानं आपल्या अंथरुणाकडे एकदा पाहिलं. “मग मी काय करतेय, साहेब?”

“तसं नव्हे हो. हे सगळे नोंदणी केलेले लोक आहेत. त्यांचा विमा उतरवलाय, आज सातपासून उद्या सकाळी सातपर्यंत. बिनविम्याचं माणूस आवारात झोपलं आणि काही झालं, तर जबाबदारी आमच्या गळ्यात.”

“आणि काल रात्री काही झालं असतं तर?”

“काल कार्यक्रम नव्हता,” क्लाइव्ह शांतपणे म्हणाला. वाक्य बिनचूक होतं. वकिलांपैकी एकानं मान डोलावली.

“ब्रेन्डाताई,” पाद्री म्हणाले, “हे सगळं तुमच्यासाठीच चाललंय ना?”

“मग मी इथंच बसून बघते की. आपल्यासाठी चाललेलं माणसानं बघावं.”

“नोंदणी करता येईल,” टिमथी चाचरत म्हणाले, “पण त्याला देणगीदार लागतात. निदान दोनशे पौंड...”

“मला बाहेर झोपायला कोण पैसे देणार? गेले नऊ महिने सगळं गाव फुकटात बघतंय.” तिनं चहाचा शेवटचा घोट घेतला. “आणि गेल्या वर्षीच्या पैशाचं काय केलंत?”

“फलक उभा केला,” क्लाइव्ह अभिमानानं म्हणाला. “बस स्थानकाजवळ. बेघर व्यक्ती दिसल्यास या क्रमांकावर कळवा.”

“कळवलं मी.”

“कुणाबद्दल?”

“माझ्याबद्दल. पोरगी म्हणाली, तुम्ही प्रत्यक्ष आडव्या झालेल्या आमच्या माणसाला दिसायला हव्यात. म्हटलं, पाठवा माणूस, मी आडवी होते. तीन रात्री आडवी झाले. माणूस आला नाही, पोलीस आला. म्हणाला, इथं आडवं व्हायला बंदी आहे.”

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. शेजारी खरा खोकला चालू असल्यामुळे ते सोंग फारच वाईट वठलं.

“हे बघा, आता सात वाजतील,” क्लाइव्हचा सूर बदलला. “मी चांगल्या शब्दांत सांगतोय. कालव्याच्या पुलाखाली आडोसा आहे. ताडपत्री उचलायला मी माणूस देतो. नाहीतर नगरपालिकेच्या गाडीला बोलवावं लागेल, आणि ते सामान परत देत नाहीत, तुम्हाला माहीत आहे.”

“माहीत आहे. एक बिछाना नेलाय त्यांनी.” ब्रेन्डानं त्याच्या खांद्यावरून ग्लेनिसकडे पाहिलं. “आणि तू गं? वाटाणे गिळून गप्प उभी आहेस का?”

ग्लेनिसच्या तोंडून निघालं ते असं: “मला वाटलं, तू बहिणीकडे गेलीस.”

“मला बहीण नाही. इतकी वर्षं एका पुस्तकातून गायलो आपण. विचारायचंस एकदा.”

पुलाखाली काय असतं ते ग्लेनिसला ठाऊक होतं. पाणी झिरपतं आणि पहाटे त्याचं बर्फ होतं. त्या खोकल्यानं तिथं एक रात्र काढणं म्हणजे नगरपालिकेची ‘पुरेशी आजारी’ ही अट सकाळपर्यंत पुरी करून घेणं. कदाचित त्याच्याही पलीकडे. आणि सकाळी आपण चौदा नंबरच्या घरात जाऊ आणि कोट त्या हुकाला लावू. हा विचार तिच्या मनात आला आणि, नेहमी जातो तसा, या वेळी जाईना.

तिनं शॉर्टब्रेडचा डबा काखेत मारला. “ऊठ ब्रेन्डा.”

“तूही हाकलतेस?”

“घरी चल. चौदा नंबर.”

“एका रात्रीची दया नको मला. उद्या पुन्हा गाठोडं बांधायचं, त्यापेक्षा इथं बरी.”

“एका रात्रीचं म्हणत नाहीये मी.”

क्लाइव्ह हसला. मग त्याला कळलं की हसण्यासारखं काही झालेलं नाही. “ग्लेनिस, ते घर पाहुण्यांसाठी आहे.”

“पाहुणे नाहीत.”

“पण विमा...”

“त्या घराचा आहे की. तूच उतरवलास.”

“ही सरळ सरळ घुसखोरी झाली!”

“मी दर शुक्रवारी किल्लीनं दार उघडून घुसते,” ग्लेनिस म्हणाली. “आजच दोनदा, एवढंच.”

फोटोवाला जवळ सरकला होता. क्लाइव्हनं दोन पावलं पुढे टाकली आणि थांबला. चर्चच्या घड्याळात सातचे ठोके पडत होते. आता फाटकाबाहेर पाय टाकला की रात्र मोडली, आणि त्याच्या एका रात्रीवर निम्म्या गावानं देणगी लावली होती. तो आपल्या खोक्याच्या दारात, नावाच्या पाटीखाली, मुठी आवळून उभा राहिला. ताडपत्रीचं एक टोक ब्रेन्डानं धरलं, दुसरं ग्लेनिसनं, आणि दोघी त्याच्या समोरून निघून गेल्या. दातांचे डॉक्टर ओसरीत सामान लावू लागले.

चौदा नंबरमध्ये शिरल्यावर ब्रेन्डा बराच वेळ उंबऱ्याच्या आत नुसती उभी राहिली. मग स्वयंपाकघरात गेली, न बघता दारामागे हात नेला आणि कोट हुकाला लावला.

“हीटर चालू आहे,” ती म्हणाली.

“हो.”

“नऊ महिने?”

“नळांसाठी,” ग्लेनिस म्हणाली आणि तिला कुठं बघावं ते कळेना.

झोपायच्या खोलीत ब्रेन्डानं उशीवरचं चॉकलेट उचललं. “हे काय?”

“पाहुण्यांसाठी असतं.”

ब्रेन्डानं ते ग्लेनिसच्या तळहातावर ठेवलं. “मी पाहुणी नाही,” ती म्हणाली, आणि राखाडी भिंतीकडे बघून: “कसला मेला रंग दिलाय.”

सकाळी दारावर थाप पडली. ब्रेन्डा आत चहा ओतत होती. ग्लेनिसनं दार न उघडता पत्रांच्या फटीचं झाकण वर केलं. बाहेर क्लाइव्हचे गुडघे दिसले, मग तो वाकल्यावर चेहरा. नाक लाल, केस एका बाजूला चिकटलेले, काखेत स्लीपिंग बॅग.

“सँडविच आले नाहीत,” तो म्हणाला. “लोक किल्ल्यांची वाट बघत होते.”

“डबा पाद्रीबाबांकडे पोचवलाय मघाशी. तुझा जुडगा तेवढा ठेवून घेतला.”

“बरं, झाली तुझी गंमत. दे आता. मला घरी जाऊन गरम पाण्यात पडायचंय. हाडं गोठलीत.”

“कळलं का मग?”

“काय?”

“एक रात्र काढल्याशिवाय कळत नाही म्हणतोस ना. कळलं?”

“कळलं गं, कळलं. दे किल्ली.”

“काय कळलं?”

क्लाइव्हनं विचार केला. प्रामाणिकपणे केला, भाषणात हा प्रश्न कधी आला नव्हता. “की... थंडी असते,” तो म्हणाला.



“ब्रेन्डाच्या नावाचा करार करून आण,” ग्लेनिस म्हणाली. “जुन्या भाड्याचा. पाच वर्षांचा, नोटिशीशिवायचा. मग किल्ली.”

“वेडी आहेस का? आज शनिवार! ऑफिसची किल्ली त्याच जुडग्यात आहे. सोमवारी बघू.”

“मग सोमवारी ये.”

“आणि तोवर मी कुठं जाऊ?”

तेवढ्यात ग्लेनिसच्या मागून, चहाच्या घोटाबरोबर, भरड आवाज आला.

“ओसरी रिकामी झाली असेल, साहेब. आज विमा लागत नाही.”

फटीचं झाकण खाली पडलं. क्लाइव्ह थोडा वेळ दाराकडे बघत उभा राहिला आणि मग, पाय दुखत होते म्हणून, पायरीवर बसला. गल्लीच्या टोकाकडून मिसेस हॉल्डस्वर्थ कुत्र्याला घेऊन येत होत्या. ओळखीच्या, सभ्य बाई. तो अर्धवट उठला, त्यांना हात करायला. त्यांनी विस्कटलेले केस पाहिले, काखेतली मळकी स्लीपिंग बॅग पाहिली, कुत्र्याची दोरी आखडली आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेल्या.

कालच्या रात्रीसाठी देणगी देणाऱ्यांत त्यांचं नाव सर्वांत वर होतं.