फोटोतली कुंडी

मुख्याध्यापिकेचं पत्र येऊन पंधरा दिवस झाले होते आणि तात्यांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र जाड शब्दकोशात घडी घालून ठेवलं होतं. त्याच्या शेजारीच उत्तराचे अकरा खर्डे होते. तात्यांचं सगळं आयुष्य छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेलं होतं. दुसऱ्याच्या चुका काढणाऱ्या माणसाला स्वतःचं एक वाक्य धड लिहिता येत नाही, अशी त्यांची जुनी खात्री होती, आणि ते खर्डे म्हणजे तिचा पुरावा.

पत्र नातीबद्दल होतं. नात सहा वर्षांची, आवाज असा की घरात तिला टिटवीच म्हणत. चार महिन्यांपूर्वी तात्या तिला मांडीवर घेऊन गोष्ट वाचत होते, तेव्हा तिच्या भांगाशेजारी त्यांना शर्टाच्या बटणाएवढी गुळगुळीत जागा दिसली. चष्म्याचा दोष असेल म्हणून ते दोन दिवस गप्प बसले. तिसऱ्या दिवशी वेणी घालताना सून किंचाळली. आठवड्यात एका बटणाची तीन झाली, महिन्यात डोक्याचा नकाशा झाला. उशीवर केस, कॉलरवर केस, गोष्टीच्या पुस्तकात पानापानांत केस.

तीन डॉक्टर झाले. रक्त तपासलं, कातडी खरवडून तपासली. सगळं ठीक.

"लोक याला चाई म्हणतात," तिसरी डॉक्टरीण म्हणाली. "पण नाव आहे म्हणजे कारण सापडलं असं नाही. हिला हे का झालं, मला ठाऊक नाही. केस येतील, कदाचित येणार नाहीत, कदाचित येऊन परत जातील. हे कुणाला लागत नाही, एवढं मात्र लिहून देते."

तात्यांना ती बाई फार आवडली. 'ठाऊक नाही' हे दोन शब्द इतक्या सरळपणे म्हणणारं माणूस त्यांना बऱ्याच वर्षांनी भेटलं होतं. बाकी सगळ्या गावाला कारण ठाऊक होतं. कुणी साबणावर घसरलं, कुणी पाण्यावर, आणि शेवटी सगळे आईवर येऊन थांबले.

"लक्ष नको का आईचं?" शेजारची मावशी जिन्यातच म्हणाली. "नवरा लांब धरणावर कामाला, ही दिवसभर चष्म्याच्या दुकानात घासत बसलेली. पोरीचं दुसरं काय होणार?"

"मावशी, मी दुकानात काचा घासते," सून म्हणाली. "पोरीचं डोकं नाही घासत."

मावशी तोंड वाकडं करून गेली. सून मात्र त्या दिवशी जेवली नाही.

अशात शाळेचं पत्र आलं. बावीस तारखेला वर्गाचा फोटो काढणार, तो वार्षिक अंकात छापणार आणि सभागृहात लावणार. 'आपल्या नातीची सध्याची अवस्था पाहता, पुढे तिलाच वाईट वाटू नये म्हणून तिला फोटोतून वगळावे असे आम्हांस वाटते. आठ दिवसांत उत्तर न आल्यास आपली संमती आहे असे समजू.'

"तात्या, तुम्हीच लिहा," सून म्हणाली होती. "मी लिहिलं तर शिव्याच लिहीन."

"लिहितो."

चार दिवसांनी तिने विचारलं, "गेलं का पत्र?"

"शेवटचा हात फिरवतोय."

तिला वाटलं, छापखान्यातला माणूस, शेवटचा हात म्हणजे शेवटचाच. तिने पुन्हा विचारलं नाही. आणि तात्यांचा शेवटचा हात काही संपेना. एका खर्ड्यात 'वगळणे' हा शब्द फार कडक वाटला, दुसऱ्यात मऊ. आठ दिवस गेले, दहा गेले. मग ते शब्दकोश उघडेनासेच झाले.

आणि बावीस तारीख उजाडली.

संध्याकाळी सून दुकानातून आली तेव्हा टिटवी जमिनीवर पालथी पडून चित्र काढत होती. आईने शिवलेली पिवळी टोपी तिने नेहमीप्रमाणे दाराशी भिरकावून दिली होती.

"फोटो झाला?" सुनेने विचारलं.

"झाला. मी नव्हते."

"नव्हतीस म्हणजे?"

"मला बाईंनी ऑफिसात बसवलं. खडूचे तुकडे रंगांप्रमाणे लावायला. मी पटकन लावले, तरी जाऊ नाही दिलं." तिने चित्रात हिरवा रंग भरला. "मी खिडकीतून बघितलं. माझ्या जागेवर कुंडी ठेवली होती."

"काय ठेवलं?"

"कुंडी. मोठ्ठ्या पानांची. माझ्याएवढीच होती."

सून पिशवी खांद्याला तशीच ठेवून उभी राहिली. मग ती हळू आवाजात म्हणाली, आणि तो हळू आवाज ओरडण्यापेक्षा वाईट होता, "तात्या, तुम्ही पत्रात काय लिहिलं होतंत?"

तात्यांनी शब्दकोश उघडला. त्यांना दुसरं काही सुचलं नाही.

"पाठवलंच नाहीत?"

ती एकेक खर्डा वाचत गेली. सातव्यावर थांबली आणि मोठ्याने वाचलं, "'आपली भूमिका आम्ही समजू शकतो.' काय समजू शकतो, तात्या?"

तात्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या टोकाने पुसत राहिले.

"बोला की! एवढे शब्द आहेत त्या पुस्तकात!"

"मला वाटलं..." तात्या म्हणाले, "पुढे मोठी झाल्यावर तिला तो फोटो बघवणार नाही. त्यांचं थोडं बरोबरही असेल, असं वाटलं. एकदाच वाटलं."

"सगळं जग तिच्या डोक्याकडे बघतंय. तुम्ही एकटे तिच्याकडे बघता, असं मी समजत होते." तिने कागद टेबलावर टाकले. "म्हणजे तुम्हीही तिला झाकायलाच निघाला होतात."

टिटवीने मान वर केली. "आई, कुंडीला डोळे काढू का?"

कुणीच उत्तर दिलं नाही, तेव्हा तिने काढले.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, तात्या शाळेत गेले. भिडस्त माणूस. शिपायाला 'बसू का' विचारायलाही त्यांना दोन मिनिटं लागली. मुख्याध्यापिका चांगली बोलली, चहा मागवला, आणि तेच जास्त झोंबलं.

"आम्ही वाट पाहिली हो. आठ दिवस म्हटलं होतं, पंधरा थांबलो. तुमच्याकडून काहीच हरकत आली नाही."

"डॉक्टरांनी लिहून दिलंय, हे लागत नाही."

"लागण्याचा प्रश्नच नाही. तिच्याच भल्यासाठी केलं."

"आणि कुंडी?"

"ती होय!" बाई हसल्या. "पुढच्या रांगेत मधेच जागा सुटली, वाईट दिसत होतं. फोटोवालाच म्हणाला, काहीतरी ठेवा."

तात्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांना टेबलावरचा पेपरवेट उचलावासा वाटला, त्याच्या वजनाचा अंदाजही हाताला आला. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "फोटो परत काढा."

"असं तोंडी कसं? लेखी द्या, रजिस्टर टपालाने पाठवा, म्हणजे आमच्याकडे नोंद होते. अंक सोमवारी छपाईला जातोय, तेवढं बघा."

चहा तसाच टाकून ते बाहेर पडले. फाटकाशी कुंड्या ओळीने मांडलेल्या होत्या. त्यातली कोणती, हे ओळखायला वेळ लागला नाही. मोठ्या पानांची, सहा वर्षांच्या पोरीएवढी. तात्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि तिला लाथ मारली. कुंडी हलली नाही, अंगठा मात्र ठणकला.

छापखान्यात नवा माणूस आला की त्याला पहिला धडा तात्याच देत. पान तुझ्या हातात आलं आणि तू त्यावर खूण केली नाहीस, तर ते तुझ्या सहीने छापलं गेलं. मग ओरडायचं नाही. चौतीस वर्षं हे त्यांनी इतरांना सांगितलं होतं. मुख्याध्यापिकेने हातात पान दिलं होतं, मुदत दिली होती, आणि तात्यांनी अळीमिळी गुपचिळी करून ते पास केलं होतं. बाईंचा राग येत होता, मावशीचा येत होता, त्या फोटोवाल्याचा येत होता, आणि हे सगळे राग फिरून फिरून एकाच म्हाताऱ्यापाशी येत होते.

शाळा सुटेपर्यंत ते फाटकाशीच थांबले. टिटवी आली ती टोपी त्यांच्या हातात कोंबतच. टकलाच्या बेटांवर ऊन पडलं होतं. दोन मुलं वळून बघत होती. तात्यांनी टोपी खिशात घातली.

टपाल कार्यालयात फळीला दोरीने बांधलेलं पेन होतं. तात्यांनी खिडकीवरच्या कारकुनाकडून कोरा कागद आणि पाकीट मागून घेतलं आणि उभ्याउभ्याच लिहायला सुरुवात केली.

'माझ्या नातीला फोटोतून काढण्यास आमची संमती नव्हती आणि नाही. आपल्या पत्राला मी वेळेत उत्तर दिले नाही, ती चूक माझी आहे. शिक्षा तिला का? तिचे केस का गेले हे डॉक्टरांना माहीत नाही, आम्हांला माहीत नाही, आणि फोटोशी त्याचा काही संबंध नाही. जिथे मूल बसते तिथे आपण कुंडी ठेवलीत. याची लाज मला वाटते, आपल्यालाही वाटावी. सोमवारी सकाळी मी तिला घेऊन येईन. फोटो पुन्हा काढावा. तोवर ते पान छापायला देऊ नये.'

"काय लिहिलं?" टिटवीने टाचा उंचावून विचारलं.

तात्यांनी वाचून दाखवलं. तिच्या आवाजात नाही, पण त्यांच्या मानाने बरंच मोठ्याने. रांगेतले लोक ऐकत होते.

"मोठी कुंडी लिहा. छोटी नव्हती."

तात्यांनी 'कुंडी'च्या आधी, ओळीच्या वर, 'मोठी' असं घुसवलं. 'लाज'च्या आधी त्यांनी एक शब्द खोडला होता, तिथे शाई पसरली होती.

"आजोबा, खाडाखोड झालीय," कारकून म्हणाला. "दुसरा कागद देऊ?"

तात्यांचा हात सवयीने पुढे झाला. मग त्यांनी तो मागे घेतला, कागद पाकिटात घातला आणि पाकीट चिकटवलं.

"नको. उद्या पोचेल ना?"

"गावातल्या गावात? दुपारपर्यंत."

"मग जाऊ द्या."

कारकुनाने पाकिटावर दोनदा शिक्का मारला, पावती फाडून दिली आणि पाकीट मागच्या पेटीत टाकलं.