प्लेट कोणी लावली?

माझी जीभ तिखट आहे, हे अख्ख्या गॅरेजला माहीत आहे. गिऱ्हाईक असो नाहीतर शेठ, मी तोंडावर बोलून मोकळी होते. पण त्या रविवारी खरंच बोलायची वेळ आली, तेव्हा मूग गिळून बसले.

माझे वडील, आमचे अण्णा, त्याच गॅरेजात छत्तीस वर्षं वस्ताद. मीही त्यांच्याच हाताखाली शिकले. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी एका गाडीच्या चाकाचे नट नुसते हातानं फिरवून ठेवले, पान्यानं आवळायचे राहिले. गाडी फाटकाबाहेर जायच्या आत माझं लक्ष गेलं म्हणून निभावलं. शेठनं "थोडी विश्रांती घ्या" म्हणत त्यांना घरी बसवलं. तेव्हापासून ते रोज सकाळी कामाचे कपडे चढवून दाराच्या पायरीवर बसायचे आणि जेवण अर्धं टाकून उठायचे. आई म्हणायची, "हा माणूस आजारानं नाही, रिकामपणानं जाईल."

शेवटी मी शेठच्या हात धुऊन मागे लागले. तो म्हणाला, "तुझ्या गाडीचा क्लच गेलाय ना? घरीच बदलून घे त्यांच्याकडून. तू पाने द्यायचे, वजन उचलायचं, बाकी हात लावायचा नाही. नीट झालं तर सोमवारपासून येऊ देत कामावर." ही परीक्षा आहे हे मी अण्णांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी शेठला आणि मला एकाच पान्यानं हाणलं असतं.

सकाळी आठला घरामागच्या फरशीवर गाडी स्टँडवर चढवली. अण्णांनी बॅटरीची तार सोडवली, गिअरबॉक्समधलं तेल घमेल्यात काढलं, दोन्ही बाजूंचे शाफ्ट उपसले. प्रत्येक बोल्ट जुन्या चादरीवर, निघाला त्या क्रमानं मांडलेला. हात असे चालत होते की मनात म्हटलं, खड्ड्यात गेले ते नट! इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा देऊन आधार लावला, शेवटचे बोल्ट काढले, आणि दोघांनी मिळून गिअरबॉक्स हळूहळू खाली घेतला. "सांभाळून," अण्णा खालून ओरडले, "आदळलास तर तुलाही आदळीन!" किती दिवसांनी ओरडले होते. बरं वाटलं मला.

क्लचची जुनी प्लेट झिजून पार कागद झाली होती. अण्णांनी नवी उचलली, फडक्यानं पुसली आणि बसवली. उलटी.

प्लेटच्या मधोमध स्प्रिंगांचा उंचवटा असतो, तो गिअरबॉक्सच्या बाजूला यायला हवा. इथे तो आत, इंजिनाकडे गेला. पहिल्या आठवड्यात त्यांनीच शिकवलेली गोष्ट. मी तोंड उघडलं आणि मिटलं. वस्तादाचा हात कामात असताना मध्ये बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. तो मोडला म्हणून एकदा मला दिवसभर नुसती फरशी पुसायला लावली होती. पण खरं सांगू? नियम हे निमित्त. मला वाटलं, माझीच नजर चुकली असेल. छत्तीस वर्षांच्या हाताला चुकलास म्हणायची माझी छाती झाली नाही. आता बघतील, आता काढतील, असं म्हणत मी पाने देत राहिले. त्यांनी वर तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आवळली. आम्ही जेवलो. मग गिअरबॉक्स पुन्हा वर चढला.

चार वाजता अण्णा गाडीत बसले, इंजिन चालू केलं, क्लच दाबला, गिअर टाकला. असा करकरून आवाज आला की आई स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली. अण्णांनी पुन्हा दाबून पाहिलं, डोळे मिटले आणि इंजिन बंद केलं.

"प्लेट उलटी बसलीय," ते म्हणाले.

न उघडता! गॅरेजात दुसऱ्या कोणाच्या बापाला कळलं नसतं. माझा ऊर भरून आला. म्हटलं, चुकला तर चुकला, माणूसच आहे. चूक कळली ना त्याची त्याला.

मग ते खाली उतरले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "कोणी लावली ती?"

मला वाटलं, थट्टा करतायत. "अण्णा..."

"प्लेट कोणी लावली, विचारतोय. तोंडाला कुलूप लागलं का?"

थट्टा नव्हती. जेवणाआधी स्वतःच्या हातानं लावलेली प्लेट त्यांच्या डोक्यातून साफ पुसली गेली होती. मी आईकडे पाहिलं. तिनं मान फिरवली.

"मी लावली," मी म्हणाले.

काय खूश झाले म्हणून सांगू! "गधडे, इतकी वर्षं माझ्या हाताखाली माशा मारल्यास? चल, उतरव परत सगळं!"

तेवढ्यात फोन वाजला. शेठच होता. मी उचलायच्या आत अण्णांनी हिसकावून घेतला. "शेठ, तुमच्या या हुशार बाईंनी प्लेट उलटी लावली! मी होतो म्हणून. उद्या येतोय मी, हिला पुन्हा पहिलीत बसवायला." मग पलीकडचं काहीतरी ऐकून त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "तुला मागतोय. खा शिव्या."

मी कामाला हात लावायचा नाही, ही शेठचीच अट. प्लेट उलटी लावणारी मी नव्हे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो हळूच म्हणाला, "त्यांच्यासमोर जास्त बोलू नकोस. एवढंच सांग. खरंच तू लावलीस?"

नुसतं हो म्हणायचं होतं, की उद्यापासून अण्णा कामावर. अण्णा समोर उभे राहून तेलकट हात पुसत हसत होते. पण त्या गाड्यांत लोक आपली लेकरंबाळं घेऊन बसतात, आणि प्रत्येक चाकापाशी मी किती दिवस उभी राहणार? आपलेच दात, आपलेच ओठ. 

"नाही," मी म्हणाले.

फोन बंद झाला.

"काय नाही?" अण्णांनी विचारलं.

"काही नाही, अण्णा."

"मग बघत काय उभी राहिलीस? जॅक सरकव. आणि या वेळी प्लेट मी लावणार."