डोंगरावरच्या खोलीचं बूच

आगरदांड्याच्या खाडीवर होड्या आणि गलबतं बांधणाऱ्या सिराजुद्दीन मिस्त्रीकडे १९३२च्या उन्हाळ्यात एक गोरा साहेब आला आणि त्याने होडी सोडून खोली मागितली. हिमालयात, चौदा हजार फुटांवर, हवेच्या नोंदी घेणारी दोन माणसं अख्खा हिवाळा राहणार होती, त्यांच्यासाठी. तिथे झाड नाही, झुडूप नाही. शेगडीतला कोळसासुद्धा खेचरांच्या पाठीवरून न्यायचा. तेव्हा खोली इतकी लहान आणि उबदार हवी, की मूठभर कोळशात दिवस निघावा. भाग सुटे करून नेता यावी आणि मोहीम संपली की डोंगरावर एक खिळाही मागे न ठेवता परत आणता यावी. साहेबाने मुंबईत चौकशी केली होती, पण तिथे बनणाऱ्या खोल्यांतून वारा शिट्ट्या घालत फिरायचा.

मिस्त्रीने उभ्या जन्मात बर्फ पाहिला नव्हता. तरी तो साहेबाला म्हणाला, “वारा काय घेऊन बसलाव? पानी शिरला तर माजे हात तोडा.” नाकाने कांदे सोलायची त्याला सवयच होती, आणि खरं सांगायचं तर त्याच्या हातांना ते शोभायचंही.

पावसाळाभर तो आणि धाकटा भाऊ यूनुस त्या खोलीमागे लागले. बाप लवकर गेल्यामुळे यूनुसला मिस्त्रीनेच लहानाचा मोठा केला होता. भिंतींना दुहेरी फळ्या, मधे ठासून भरलेला काथ्या, सांध्यांत कापूस आणि राळ, वरून तेलाचा हात. छप्पर पालथ्या होडीसारखं गोल, म्हणजे बर्फ साचायचा नाही. एक तुकडा एका माणसाला उचलेल एवढाच. किनाऱ्यावर खोली जोडून बघितली तेव्हा चौघंजण दार लावून आत बसले आणि घामाघूम होऊन बाहेर पडले. साहेबाने मिस्त्रीची पाठ थोपटली.

एकच गोष्ट मिस्त्रीला खटकत होती. साहेबाच्या नकाशात छपराच्या खाली मुठीएवढं भोक होतं. शेजारी इंग्रजीत काहीतरी लिहिलंही होतं, पण ते वाचून घ्यायला मिस्त्री कोणाच्या दारात जाणार? नुसतं चित्र बघून गलबत उभं करणारा माणूस तो. होडीच्या तळालाही असं भोक असतं. होडी किनाऱ्यावर ओढली की साचलेलं पाणी त्यातून सोडायचं आणि पाण्यात लोटण्याआधी बूच ठोकायचं. खोलीचंही तसंच असणार, उन्हाळ्यात उघडी, हिवाळ्यात बंद. साहेब नकाशात बूच दाखवायला विसरला, झालं! साहेब मुंबईला गेल्यावर मिस्त्रीने सागाचं बूच घडवलं आणि खोली उभारायला निघालेल्या यूनुसच्या हातात ठेवलं.

“बरफ पडाया लागला का पयला ह्या ठोक. आतून. हयगय करू नको.”

“व्हय, भाई,” यूनुस म्हणाला. भाईचं ऐकायचं, हे त्याला कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

खोली उभी राहिली, पण खिंड त्या वर्षी लवकर बंद झाली आणि यूनुसला तिथेच अडकून पडावं लागलं, एवढं कळवणारं एक पत्र आलं. त्यानंतर थेट मे महिन्यात दुसरं आलं. दत्तात्रेय मास्तरांनी ते मिस्त्रीच्या पडवीत वाचून दाखवलं. भोवती दहा-बारा माणसं जमली होती. आतल्या दाराआड यूनुसची बायको झुबेदा उभी होती, तिला नववा महिना लागला होता.

तिघंही गेले होते, झोपेतच. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. हवा खेळती राहावी म्हणून ठेवलेलं भोक आतून बूच ठोकून बंद केलेलं सापडलं, आणि शेगडीची विषारी हवा आतच कोंडली होती. ‘सोबत आलेल्या सुताराच्या अडाणीपणापायी दोन शिकलेले तरुण हकनाक गेले,’ असं साहेबाने लिहिलं होतं. खोलीची मात्र एक फळीही हलली नव्हती, त्याबद्दल सिराजुद्दीन मिस्त्रीची मनापासून तारीफ केली होती.

मिस्त्री ऐकत बसला. आता छाती फुटेल, आता रडू येईल, अशी त्याने वाट पाहिली. काहीच आलं नाही. मास्तरांच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती, तिच्याकडे तो बघत राहिला. लोक उठले तेव्हा तोही उठला आणि जाऊन एका फळीला रंधा मारू लागला. फळी कशाची ते त्याला ठाऊक नव्हतं.

गावाने आठवडाभरात निकालही लावून टाकला. असल्या कामाचा गावाला कधी कंटाळा येत नाही. यूनुसने अक्कल पाजळली आणि दोघांचा जीव घेतला. दिघीकडे जाणाऱ्या तरीच्या होडीत बसलेले परके लोकसुद्धा हेच बोलू लागले. विहिरीवर बायकांनी झुबेदाला ऐकू जाईल अशा बेताने कुजबुज केली.

त्या दुपारी मिस्त्री जेवत असताना ती दाराआडून म्हणाली, “भाई, बूच ठोकाया त्यांना कुनी सांगितला?”

मिस्त्रीने हातातला घास ताटात ठेवला. “मी.”

आतून किंकाळी येईल म्हणून तो थांबला. आली नाही.

“माला वाटलाच,” झुबेदा म्हणाली. “दुसऱ्या कुनाचा त्यांनी ऐकला नसता.” आणि मग, “माज्या पोराला लोक खुन्याचा पोर म्हनतील. जुम्म्याला जमातीसमोर सांगा. येवडाच करा.”

शुक्रवारी नमाज झाल्यावर मिस्त्री उभा राहिला.

“यूनुसची चूक न्हाय,” तो म्हणाला. “बूच मी घडवला. ठोक म्हनून मीच सांगितला. तिगंव माज्यापायी मेले.”

मग जमातीतले सगळ्यांत वडील हमीद चाचा डोळे पुसत उठले आणि त्यांनी मिस्त्रीला छातीशी धरलं. “बगा रे! भाऊ असावा तर असा. मेल्या भावाचा गुन्हा आपल्या डोक्यावर घेतो हाय.”

“न्हाय चाचा, खराच मी...”

“बस, बस. अल्ला जानतो.”

लोक पुढे सरसावले. एकेकाने त्याचे हात हातात घेतले. यूनुसच्या नावाने बोटं मोडणारेच सगळ्यांत जास्त रडत होते. मिस्त्री जितकं परत परत सांगू लागला, तितका त्यांना जास्तच गहिवर येऊ लागला. शेवटी त्याने सांगायचं सोडून दिलं.

घरी आला तेव्हा झुबेदा दाराबाहेर पडवीत उभी होती.

“सांगितला?”

“सांगितला.”

“मंग? काय बोलले?”

मिस्त्रीने वहाणा काढल्या आणि भिंतीला नीट लावून ठेवल्या.

“माला फरिश्ता बोलले.”