बचनागाची हंडी

मी एक जुनी, काळी, कानाशी टवका उडालेली औषधाची हंडी आहे. मित्रांनो, मला गोड बोलता येत नाही. आयुष्यभर कडूच शिजवले, तर तोंडात साखर कुठून येणार?

फू नदीच्या गाळाची मी. माझ्या मालकिणीने, थान आजीने, कुंभाराला सांगून माझे बूड मुद्दाम जाड करून घेतले, कारण तिला माझ्यात भात शिजवायचा नव्हता. आमच्याकडे औषधाच्या हंडीची रीतच वेगळी. शेजारी ती मागून नेतात, पण परत आणून देत नाहीत. परत आणणे म्हणजे दुखणे दारात आणून टाकणे. ज्याला गरज पडेल त्याने जाऊन न्यायची. अशी मी गल्लीतल्या बहुतेक चुलींवर बसून आले आहे. जे पाहिले तेच सांगणार. कुणाला राग आला तर येवो.

माझ्यात सगळ्यात जास्त शिजला तो फूझी, तुमच्या बचनागाचा भाऊबंद. जांभळ्या फुलांच्या झाडाखाली, आईच्या मुळाला लेकरासारखा बिलगून हा कंद वाढतो. खणला की त्याला खारवणीत मुरवतात, उकळतात, सोलतात, त्याचे काप करतात, ते पुन्हापुन्हा धुतात, वाफवतात, वाळवतात. एवढा खटाटोप हौसेने कोणी करत नाही. कच्चा कंद माणूस मारतो, म्हणून करतात.

आणि तोच कंद जाणत्याच्या हाती पडला की काय करतो, तेही मी पाहिले आहे. हिवाळ्यात आमच्या नदीचे धुके हाडांत शिरते. आजीचे पाय गुडघ्याखाली ओल्या दगडासारखे गार पडत. वैद्याने नाडी पाहिली, मोजके काप दिले, ते माझ्यात सावकाश शिजले. काही आठवड्यांनी आजी काठी घरी विसरून बाजारात गेली आणि भाजीवालीशी भांडून आली. तो दिवस आठवला की अजून माझे बूड ऊबदार होते. अशा कंदाला नुसते विष म्हणणाऱ्यांची मला चीड येते.

पण त्याला अमृत म्हणून ओरपणाऱ्यांची त्याहून जास्त चीड येते.

आमच्याकडे वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी बकऱ्याच्या मटणात हा कंद शिजवून सगळ्यांनी खायची पद्धत आहे. आजीचा नियम कडक. सकाळी चढवलेली हंडी दिवस कलल्याशिवाय उतरायची नाही. पाणी आटले तर किटलीतले उकळते घालायचे, थंड कधीच नाही. उकळी मोडली की पहिल्यापासून सुरुवात. शेवटी रस्सा जिभेवर टेकवून थांबायचे. जीभ बधिर झाली तर हंडी पुन्हा चुलीवर.

एका वर्षी आजी खोकल्याने अंथरुणाला खिळली होती. पोटात फक्त अळणी पेज. चूल सांभाळायला मुलगा देजुन आणि सून चुनरोंग. पाहुणे वाढले म्हणून देजुनने बाजारातून मूठभर सुटे काप आणून माझ्यात ओतले. ते किती धुतले होते, कोणी वाफवले होते, विचारतो कोण? दुपारी पाणी आटले. किटली रिकामी. घरचा गडी पत्त्यांचा डाव सोडून आला, नळाचे पाणी माझ्यात ओतले आणि पुन्हा डावावर जाऊन बसला. माझी उकळी मोडली. पण हंडीचे कोण ऐकतो?

पाहुणे भुकेने कुरकुरू लागले. देजुनने वाटीत रस्सा घेऊन चाखला.

चुनरोंग म्हणाली, "जीभ बघा हं नीट."

"झिणझिणतेय जरा."

"मग उतरवू नका."

"अगं, दुपारी मासे कुणी केले? तूच ना? एवढं तिरफळ घातलंस की माझे कानसुद्धा झिणझिणतायत."

सगळे हसले. आमच्या प्रांतात तिरफळाशिवाय घास उतरत नाही, त्यामुळे एकाही पाहुण्याची जीभ साक्ष देण्याजोगी उरली नव्हती. देजुनने उभ्याउभ्याच वाटी संपवली.

पहिला मान घरातल्या थोरल्यांचा, म्हणून चुनरोंगने आजीला वाटी नेली. पाहुणे वाटी हातात धरून आजीच्या पहिल्या घोटाची वाट बघत बसले. ही रीत नसती, तर त्या घरातून किती जण उचलावे लागले असते, देव जाणे. आजीने ओठ टेकवले, क्षणभर थांबली आणि थुंकली.

"कुणी घोट घेऊ नका. वाट्या खाली ठेवा. देजुन कुठाय?"

देजुन अंगणात ओकत होता. ओठ बधिर, हातांना मुंग्या, छाती वेडीवाकडी धडधडत होती. पाहुण्यांपैकी कुणी आल्याचे पाणी पाजा म्हणाले, कुणी मध द्या म्हणाले. आजी अंथरुणातून ओरडली, "काही पाजू नका. दवाखान्यात न्या त्याला, आत्ता."

नेला, म्हणून वाचला. डॉक्टरने घरच्यांना चांगलेच झापले, म्हणाले: जिभेला कळले नाही म्हणजे विष गेले, असे नसते. दिवसभर उकळूनही खात्री नसते. हा कंद मेजवानीचा नाहीच. मान्य. त्या दिवशी दिवसभर उकळून जिभेवर तपासायचा आजीचा नियमही मोडीत निघाला, आणि तिने तो मोडू दिला.

देजुन परतला तेव्हा चुनरोंग मला फोडायला निघाली होती. आजीने तिचा हात धरला.

"हंडीनं काय केलं? कंदानं तरी काय केलं? तो याच्या जिभेवर ओरडून सांगत होता. यानंच नाव तिरफळाचं घेतलं."



आजी आता नाही. मी फळीवर असते. औषधे आता दुकानातूनच उकळून, पिशवीत बंद होऊन येतात. परवा शेजारचा मुलगा मला न्यायला आला. त्याच्या बापाची कंबर धरली होती. देजुन दारात आडवा उभा राहिला.

"वैद्याला दाखवलंस?"

"त्यात काय दाखवायचं? बाजारात मिळतात की काप."

"खिशात आहेत का? काढ."

त्याने काढले. देजुनने ते मोरीशेजारच्या कचऱ्यात टाकले आणि चपला पायात सरकवल्या.

"चल, बापाला घे. वैद्याकडे मी येतो सोबत. त्यानं दिलं तर हंडी मी स्वतः फळीवरून काढून देईन."

मित्रांनो, माझे मागणे एवढेच आहे. औषधाला मान द्या, म्हणजे त्याची भीतीही बाळगा. आणि जीभ काही सांगू लागली, तर तिला दुसरे नाव देऊ नका.