नागोराव ज्यावर बसायचे तो बुटका बाक

मी एक जुना, बुटका बाक आहे. कळंबजवळच्या एका खेड्यात ख्रिस्ती मंडळीचे छोटे प्रार्थनामंदिर आहे, तिथे माझे सारे आयुष्य गेले. मंदिराच्या दारासाठी आणलेल्या सागवानातून थोडे लाकूड उरले, त्यातून सुताराने मला घडवले. मुलांचे पाय जमिनीला टेकावेत म्हणून मला मुद्दाम ठेंगणे ठेवले. मोठी माणसे मागे चटईवर बसत, मंडळीचा कारभार पाहणारे पंच खुर्चीवर बसत आणि माझ्या वाट्याला शब्बाथ शाळेची, म्हणजे रविवारी बायबलचे धडे शिकायला येणारी, पोरे येत. मित्रांनो, त्यांनी मला फार छळले. कोणी खिळ्याने चित्रे कोरली, कोणी गुळाचे हात पुसले. तरी रविवार उजाडला की मी त्यांचीच वाट बघायचो.

त्या मंडळीचे मोठे पंच म्हणजे नागोराव. तरुणपणीच बाप्तिस्मा घेतलेले, गळा खणखणीत, प्रार्थना अशी लांबलचक की पोरे डुलक्या घेत. भजने त्यांना तोंडपाठ होती, पण अक्षरओळख नव्हती. साठी जवळ आली तेव्हा एका रविवारी ते खुर्ची सोडून माझ्यापाशी आले आणि शब्बाथ शाळेच्या मथुराबाईंना म्हणाले, "बाई, लोकायनं वाचलेलं लय आयकलं. आता मले माह्या डोयानं वाचाचं हाय. या पोरायसंगं मलेही शिकवान का?"

मागे कोणीतरी खुदकन हसले. नागोराव मात्र खुशाल माझ्यावर बसले. त्यांचे गुडघे पार हनुवटीपर्यंत आले. मी करकरलो खरा, पण मनातून फुलून गेलो होतो. एवढा मोठा माणूस माझ्यावर कधी बसला होता?

पण एका बाबतीत ते हटून बसले होते. १९५६ साली त्यांचा धाकटा भाऊ उकंडा याने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. भाऊ आज ना उद्या आपल्यामागून येशूकडे येईल, अशी आस नागोरावांनी वर्षानुवर्षे धरली होती. ती तुटली आणि रागाच्या भरात ते चारचौघांत बोलून गेले, "आजपासून तू माहा भाऊ नाई." घरे एका हाकेच्या अंतरावर, पण बोलणे बंद. उकंडाच्या मुलीचे लग्न झाले, तेव्हाही नागोराव गेले नाहीत. मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा.

कापणीच्या सणाला आमच्याकडे प्रत्येक घर शेतातले पहिले पीक देवाला आणते. उपासनेत ते पुढे ठेवायचे, मग त्याचा लिलाव आणि शेवटी सगळ्यांचे जेवण. पहिले टोपले नेहमी नागोरावांचे असे. ते माझ्यावर बसून शिकू लागले, त्या वर्षीही कापसाचे शिगोशीग टोपले घेऊन सकाळीच आले. उपासनेआधी शब्बाथ शाळा भरली. मथुराबाईंनी त्यांच्यापुढे धडा ठेवला. अक्षराअक्षरावर बोट टेकवत, अडखळत, नागोरावांनी पहिल्यांदाच अख्खा धडा एकट्याने वाचला. देवाला काही अर्पण करण्याआधी दुखावलेल्या भावाशी समेट करावा, अशी ती शिकवण होती.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. नागोराव हसले नाहीत. शेजारी बसलेली नलू सहज बोलून गेली, "आबाजी, मंग तुमी उकंडाबुवाशी बोलत काहून नाई?"

मथुराबाईंनी डोळे वटारले. नागोराव म्हणाले, "तिले रागावू नोका, बाई. पोरगी बरोबर बोलते."

उपासनेत त्यांचे नाव पुकारले गेले. ते उठले, टोपले माझ्यावर ठेवले आणि थेट दाराकडे चालू लागले.

"नागोराव, अर्पण?" उपासना चालवणारे पाळकसाहेब गोंधळले.

"राहू द्या थितंच. मी येतो."

मित्रांनो, किती वेळ गेला कोण जाणे. कुजबुज सुरू झाली. बाहेर चुलीवरची भाजी उतरली आणि निवूनही गेली. दुसऱ्याचे टोपले पुढे घ्या, असे कोणी म्हणाले. "थांबा ना जरासं," मथुराबाई म्हणाल्या. मला एकच धास्ती होती. उकंडाने तोंडावर दार लावले तर? मग हा म्हातारा पुन्हा कोणत्या तोंडाने इथे येईल?

ते आले. मागे उकंडा होता. उंबऱ्याशी थांबून तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "दादा, आधीच सांगून ठेवतो. मी माहा धम्म सोडणार नाई."

"नोको सोडू. मी त्यासाठी आलतोच नाई. मी तुले सोडलं, ते चुकलं माहं."

"तुह्या पुस्तकात हे आजच आलं काय?"

"पुस्तकात पयलेपासून हाय. माह्या डोक्यात आज आलं. अजून शिकून राह्यलो, बाप्पा."

उकंडाला हसू फुटले आणि डोळेही भरून आले. चपला काढून तो आत आला. दादाची कंबर दुखते हे त्याला ठाऊक होते, म्हणून टोपले उचलायला त्याने हात लावला. दोघांनी मिळून ते पुढे अर्पणाच्या जागी ठेवले, मग दोघे भाऊ येऊन माझ्यावर बसले. माझा एक पाय कडकन तडकला. खूप दुखले, पण त्या दिवशी मी हूं की चूं केले नाही.

नागोराव पुढेही दर रविवारी येत राहिले. घडाघडा वाचता येऊ लागले तरी येत राहिले. "आता काय शिकाचं राह्यलं, आबाजी?" असे कोणी विचारले की म्हणायचे, "थे शिकल्यावरच समजन."

आता नागोराव नाहीत. माझा तडकलेला पायही निखळला आहे आणि मी कोठीत धूळ खात पडलो आहे. मित्रांनो, जमले तर माझा पाय बसवून द्या आणि मला पुन्हा वर्गात न्या. तिथे तुमच्याशेजारी एखादे पांढऱ्या केसांचे माणूस येऊन उभे राहिले, तर त्याला काही विचारू नका. जरा सरका आणि त्याला जागा द्या.