आधी थोरलीची ओळ

या, अशा जवळ या. मागच्यांनीही पुढे सरका, थोडं आखडून बसलं की सगळ्यांना जागा होते. आज एका भिंतीची गोष्ट सांगते. भिंतीच्या अल्याड एक जाऊ, पल्याड एक जाऊ आणि दोघींच्या घरात एकेक टीव्ही. टीव्हीची कसली आलीय गोष्ट, असं म्हणून उठू नका हं. देव कुठल्या वाटेनं येईल हे तो कुणाला विचारून ठरवत नाही. कधी तारेतून येतो, कधी वाटेत जरा थांबूनही येतो.

तर दोघी जावा, थोरली आणि धाकटी. दोघी भिंतीला भिंत लावून राहायच्या त्याच इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचा पुस्तकबांधणीचा कारखाना होता. कारखाना म्हणायचं आपलं. एक लांब टेबल, एक दाबयंत्र, खळीचं पातेलं आणि छतापर्यंत कागदाचे गठ्ठे. थोरली कागदाच्या घड्या घालायची, धाकटी त्या शिवायची. थोरलीच्या हातात हाडाची एक गुळगुळीत पट्टी असे. कागद दुमडला की ती पट्टी घडीवरून सर्रकन फिरे आणि त्या आवाजासरशी थोरली गाण्याची एक ओळ म्हणे. घडी टेबलावरून सरकत धाकटीपुढे यायची, मागोमाग ओळही यायची. धाकटी सुई खुपसत तीच ओळ उचलायची. तोवर तिकडे पुढची घडी तयार. आधी ती, मग ही. गाणं तसं आणि भांडणंही तशीच. एकीचं बोलून झाल्याशिवाय दुसरी तोंड उघडत नसे, मात्र उघडलं की मिटायचं नाव घेत नसे.

मग एक दिवस थोरलीला झटका आला. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. समजायचं सगळं, डोळे पूर्वीसारखेच धारदार होते, पण साधं ‘पाणी’ म्हणायला गेली तरी घशातून नुसता घोगरा आवाज निघे. मग ती चिडून मान फिरवायची. धाकटी रोज तिच्याकडे जायची, केस विंचरायची, कारखान्यातल्या बातम्या सांगायची. बोलून बोलून धाकटीचाच घसा सुकायचा. जिच्या ओळीमागे आयुष्यभर ओळ म्हटली, ती गप्प झाल्यावर हिनं सुरुवात तरी कशी करायची?

आणि तेव्हा पहिलं नवल घडलं. केबलवर रोज सकाळी एका बुवांचं कीर्तन थेट दाखवत. भाऊजी, म्हणजे थोरलीचे यजमान, ते लावून दाढीला बसत. त्या सकाळी ते अर्ध्या गालावर फेस तसाच घेऊन धाकटीच्या दारात आले.

“धाकटे, ती गातेय!”

“कोण?”

“अगं, आपली ही! शब्द आहेत गं, शब्द!”

डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. बोलण्याची वाट बुजली तरी गाण्याची उघडी राहते. पण थोरलीच्या गाण्याला दोन अटी होत्या. एक, बुवा गातील तेवढंच ती गाई. ते थांबले की हीही थांबे, आपणहून एक अक्षर नाही. आणि दुसरी, समोर कुणी बसलेलं तिला चालत नसे. तोंड वाकडं झालं होतं ना, माणूस दिसलं की ओठ घट्ट मिटायचे.

धाकटीनं त्यावर तोड काढली. सकाळी आपल्या घरी तेच कीर्तन लावायचं, खुर्ची भिंतीला खेटून ठेवायची आणि मोठ्यानं गायचं. दोन्ही घरांना एकाच तारेतून केबल, त्यामुळे बुवा दोन्हीकडे एकदम तोंड उघडत. भिंतीच्या पलीकडून थोरली, अलीकडून धाकटी. समोर कुणी नाही, पण सोबत आहे. दोघींमध्ये तेवढंच उरलं होतं, आणि धाकटी ते जिवापाड जपत होती.

आता ऐका, घोळ कुठे झाला.

केबलवाला एके दिवशी गच्चीवरून खाली आला तो मान हलवतच. “तार सडलीय. अख्खी नवी ओढावी लागेल. दोन्ही घरं राहणार असाल तर ओढतो. एका घरासाठी एवढी यातायात मला जमायची नाही.”

“ओढूच नका काका,” धाकटीची लेक म्हणाली. ती लिफ्ट दुरुस्तीचं काम करायची, हातात कायम पान्हा आणि जिभेवर कायम उत्तर. “आपण नेटवरचा टीव्ही घेऊ. आई, या जमान्यात केबल म्हणजे लिफ्ट असताना जिना चढणं.”

“जिन्यात कुणी अडकत नाही,” धाकटी म्हणाली.

केबलवाला खूश होऊन हसला. लेक कसली ऐकतेय! “अगं, नेटवर बुवा वाट्टेल तेव्हा बघता येतील. दुपारी बघ, जेवताना बघ.”

“वाट्टेल तेव्हा निराळं आणि तिच्याबरोबर निराळं.”

“मग थेट बघ! तेही असतं. लाइव्ह म्हणजे लाइव्ह. इकडे बुवांनी तोंड उघडलं की तिकडे उघडलंच. आधी आपल्याकडे लावून बघू, पटलं तर काकूकडे. नाही पटलं तर मी स्वतः काढून टाकीन.”

केबलवाल्यानं मुदत दिली, जाताना धाकटीच्या टीव्हीची तार मात्र गुंडाळून घेऊन गेला. लेकीनं टीव्हीला नेटची नवी पेटी जोडली.

दुसऱ्या सकाळी धाकटी खुर्चीवर बसली आणि बघतच राहिली. काय ते चित्र! केबलवर बुवा नेहमी मुंग्यांच्या वारुळातून बोलल्यासारखे दिसायचे. आज त्यांच्या कपाळावरचा घाम दिसत होता, हार्मोनियमच्या पट्ट्यांवरचे ओरखडे दिसत होते. तिनं नकळत हात जोडले. बुवांनी डोळे मिटले, गायला श्वास घेतला.

आणि भिंतीपलीकडून थोरलीचा आवाज आला, “हाक तुझी ऐकू आली, वाट माझी उजळली…”

धाकटीच्या अंगावर सरसरून काटा आला. बुवांनी अजून तोंडही उघडलं नव्हतं! हिला आधीच कसं कळलं? क्षणभर तिला खरंच वाटलं, आजारपणात आपल्या जावेला काहीतरी सिद्धी प्राप्त झाली. मग बुवांनी तीच ओळ म्हटली. धाकटी गोंधळली, गायला गेली, चुकली, थांबली. पलीकडे थोरली दुसऱ्या ओळीवर पोचली होती. नेहमीची साथ येईना म्हणून तिचा आवाज चाचपडला, बारीक झाला आणि विझला.

धाकटी धावत शेजारी गेली. थोरलीनं तोंड भिंतीकडे केलं होतं. तिच्या उशीवर ओला डाग होता.

“असं होईल वाटलं नव्हतं गं,” लेक परत परत म्हणत होती. तिनं पेटी उघडून, फोन लावून सगळं पाहिलं. “नेटवरून येताना जरा साठवत साठवत येतं. म्हणून मागे पडतं.”

“म्हणजे तुझं लाइव्ह शिळं!”

“शिळं नाही, फक्त वाटेत थोडं थांबतं.”

“काढ ते. आत्ता काढ.”

“काढून काय करू, भिंतीवर बघशील? तार केबलवाले काका घेऊन गेलेत. उद्या सकाळी येतो म्हणालेत.”

धाकटी खाली कारखान्यात गेली खरी, पण तिचं लक्ष लागेना. सुई बोटात घुसली. एकदा का थोरलीनं मनाशी ठरवलं की सोबत गेली, तर ती गाणंही सोडेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती बाई एकदा रुसली की रुसली. संध्याकाळी धाकटी अर्धवट शिवलेलं पुस्तक वर घेऊन आली. हाताला काहीतरी काम हवं, नाहीतर सकाळी आपल्यालाच रडू येईल.

सकाळ झाली. केबलवाला यायचा होता. धाकटीनं आवाज बारीक ठेवून टीव्ही लावला आणि भिंतीला खेटून, पुस्तक मांडीवर घेऊन शिवायला बसली.

पलीकडून थोरलीची ओळ आली. क्षीण, परक्या घरी दार ठोठावावं तशी. “हाक तुझी ऐकू आली, वाट माझी उजळली…” आणि थांबली. या बुवांची रीतच तशी, रोज याच गाण्यानं सुरुवात, एक ओळ गायची आणि मग तेवढाच वेळ हार्मोनियम वाजू द्यायची. धाकटीचं लक्ष सुईवर होतं. दोरा ओढता ओढता तिच्या टीव्हीतल्या बुवांनी तीच ओळ धरली, आणि हातासरशी तिच्याही तोंडून ती निघाली. विचार करून नाही. जन्मभर निघायची तशी.

मग पलीकडून दुसरी ओळ आली, जरा मोठी. “आता नाही एकटी मी, तुझी सोबत मिळाली…” ती संपली तेव्हा धाकटीनं सुई खुपसली आणि ओळ उचलली.

आणि मग भिंतीतून एक आवाज आला. सर्र.

धाकटीची सुई हवेतच राहिली.

सर्र. पुन्हा एकदा.

(भाऊजींनी नंतर सांगितलं. थोरलीनं उशाजवळचं वर्तमानपत्र डाव्या हातानं ओढलं, दुमडलं आणि कंगव्याच्या पाठीनं घडी दाबली. त्यांनी ते दाराआडून पाहिलं. आत जायची त्यांची हिंमत झाली नाही.)

धाकटीला तेव्हा उमगलं. आजारपणानंतर इतके दिवस दोघी एकदम गात होत्या, पण त्याआधी जन्मभर एकदम त्या कधी गायल्याच नव्हत्या! आधी ती, मग ही. घडी घालायला आणि ती टेबलावरून सरकत यायला जेवढा वेळ लागे, नेमका तेवढाच उशीर कुणीतरी त्या पेटीत भरून पाठवला होता. लेकीला माहीत नव्हतं, पेटी बनवणाऱ्यांना माहीत नव्हतं. मग कुणाला माहीत होतं? तुम्ही सांगा. मी तर हात जोडते.

ओळीमागून ओळ गेली. पलीकडच्या टीव्हीवर बुवांचं गाणं संपलं, निरूपण सुरू झालं. आता थोरली थांबणार, नेहमीसारखी. धाकटीनं मान खाली घातली.

थोरली थांबली नाही. बुवा बोलत होते आणि ती आपणहून गात होती. “हाक तुझी ऐकू आली…” आणि मग तिथे, गाण्यात कुठेच नसलेला एक शब्द, मोडका, ओढून काढलेला, पण सुरात बसवलेला. “…चिमणे.”

धाकटी लग्न होऊन आली त्या दिवसापासून थोरली तिला याच नावानं हाक मारायची. धाकटीनं टीव्ही बंद केला, तळहात भिंतीवर टेकवला आणि उरलेली ओळ म्हटली. आवाज फुटत होता, पण म्हटली.

दारात केबलवाला उभा होता, खांद्यावर नव्या तारेचं वेटोळं. मागे लेक, हातात पान्हा.

“मग काय ठरलं?” केबलवाला हळूच म्हणाला. “दोन्हीकडे ओढू ना?”

“तिच्याकडे तार ओढा,” धाकटी डोळे पुसत म्हणाली. “माझ्याकडे हेच राहू दे.”

“वहिनी, एका कुटुंबात एकीकडे केबल, एकीकडे नेट? असं कुणी करतं का? आणि एका घरासाठी मी…”

भिंतीतून पुन्हा सर्र आवाज आला आणि त्यामागून ओळ. केबलवाल्यानं ऐकलं. वर्षानुवर्षं पलीकडच्या या बाईंची बोलणी खाल्लेला माणूस तो, आवाज ओळखला. तो तसाच गच्चीकडे वळला. “ओढतो,” एवढंच म्हणाला.

लेकीनं विचारलं, “आई, तुझ्याकडे मागून येतं ते चालेल तुला?”

“मागूनच यायला हवं,” धाकटी म्हणाली. “ती थोरली आहे.”

झाली गोष्ट. आता उठताना माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरातलं चित्र कधी अडकलं, पडद्यावर ते चक्र गोल गोल फिरायला लागलं, तर लगेच चिडू नका. तेवढ्या थांबण्यात त्या थोरलीची आठवण काढा. तिची ओळ गाऊन झाली आहे, आणि ती भिंतीला कान लावून बसली आहे.